पुढच्या खोलीतली कार्डं

अमरावती
१२ ऑगस्ट २०२४

रागिणी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नको. वाईट काही झालेलं नाही. ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं आहे. पुढच्या खोलीत पलंग टाकला, आता तिथेच आम्हा दोघांचा मुक्काम.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, वकीलभाऊ कसे आहेत, आणि मला उत्तर देता येत नाही. हे समोर पडून माझ्या तोंडाकडे बघत असतात. बाजूच्या खोलीत गेले तर अस्वस्थ होतात. माणसाच्या देखत त्याच्या आजाराची चर्चा करायला मला जड जातं. किती समजतं ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी आपली सगळं समजतं असं धरून चालते. पत्र लिहिताना निदान तोंड बंद राहतं.

पायात थोडी ताकद आली आहे. अर्धांगवायूने गेलेला उजवा हात तसाच. बोलणं एका शब्दावर येऊन थांबलं आहे: तारीख. चहा हवा, तारीख. पाठ दुखते, तारीख. आयुष्यभर कोर्टात पुढची तारीख मागितली, तोच शब्द शिल्लक राहिला असेल, असं केदार म्हणाला. म्हणताना त्याला हसू आलं आणि मग रडू आवरेना. तो परवा पुण्याला परत गेला. नोकरी आहे, किती दिवस थांबणार.

तू अकोल्याहून धावत आलीस आणि आठवडाभर दवाखान्यातल्या बाकड्यावर झोपलीस, त्याबद्दल मी तुला काहीच बोलले नाही. तेव्हा सुचलंच नाही. वीस-बावीस वर्षं आपल्या दोन घरांत एकच भिंत होती. श्यामराव गेल्यावर तू नितेशकडे राहायला गेलीस, तरी माझ्या मनातून ती भिंत काही गेली नाही. संकट आलं की मी अजून तिकडेच बघते.

आता कामाचं. ही खोली म्हणजे ह्यांचं ऑफिस. कायद्याची पुस्तकं त्यांच्या जुन्या ज्युनिअरने नेली. राहिलं ते खिडकीजवळचं कपाट. तुला माहीतच आहे त्यात काय आहे. आलेलं एकही कार्ड ह्यांनी कधी टाकलं नाही. दिवाळीची, नववर्षाची, लग्नपत्रिका, सगळी कोंबलेली. खालच्या खणात कोरी पाकिटं, शगुनाची पाकिटं, अंतर्देशीय पत्रं, बंद झालेल्या फोन नंबरची लेटरहेडं. केदार म्हणाला, आई, रद्दीत दे, औषधं ठेवायला जागा होईल. मला ते जमेना. पण लावायचं तरी कसं? तू घर आवरण्यात हुशार. सांग.

सिंधू

⁂

अकोला
१७ ऑगस्ट २०२४

वहिनी,

तुमचं पत्र पोष्टमननं हातात देल्लं, तं शेजारची बाई पाहाले आली का कोर्टाची नोटीस हाय का म्हून. आजकाल लोकाईले पत्र म्हटलं का नोटीसच वाटते.

मी जशी बोलते तशीच लिहिते, शुद्ध-अशुद्ध तुमी पाहून घ्या. दवाखान्याचं काही बोलू नोका. नितेशच्या बाबाच्या दुखण्यात रोज सकाळी तुमच्या घरून गरम पोळ्या येत होत्या, त्याचं मी कुठं काही बोलली?

रद्दीत बिलकुल देऊ नोका. आमी अमरावतीचं घर सोडलं तवा नितेशनं घाईघाईत समदं भंगारवाल्याले देल्लं. भांडे गेले त्याचं काही नाई वाटत. कागदं गेले त्याचं अजून वाटते. पोराले बोल लावत नाई, त्याले काय ठाऊक होतं.

लावाचं असं. साड्यांचे रिकामे डबे हायेत ना तुमच्याकडे, ते काढा. एकेका डब्यात एकेक जात. डब्यावर चिठ्ठी चिकटवा. कोरं सामान वेगळं, अन् ते वापरा. मले लिहा. कागद वापराले असते, ठेवाले नाई.

अन् एक सांगते. हे काम त्याईच्याच पलंगावर बसून करा, दुसऱ्या खोलीत नाई. दिवाळीच्या आदल्या रविवारी वकीलभाऊ तुमचा केदार अन् माहे दोन्ही पोट्टे ओळीनं बसवाचे. एकानं कार्ड पाकिटात घालाचं, एकानं डिंक लावाचा, एकानं तिकीट. स्वतः पत्ते लिवाचे. शेवटी समद्याईले एकेक अनारसा. त्या माणसाच्या देखत त्याचं कपाट उपसता, तं त्याच्या हातात बी काही द्या.

महालक्ष्म्या आमच्याकडेच असतात, म्हून भाद्रपदात मले निघता येत नाई. नाईतं आलीच असती.

रागिणी

⁂

अमरावती
४ सप्टेंबर २०२४

रागिणी,

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं, आणि फार वाईट झालं.

साड्यांचे डबे काढले. रोज दुपारी ह्यांच्या पलंगावर बसून कार्डं वेगळी करत गेले. दिवाळी एकीकडे, नववर्ष एकीकडे, वाढदिवस, लग्नपत्रिका. सांत्वनाची आणि तेरवीची पत्रं वेगळी, खाली तोंड करून. हे टक लावून बघत होते. मला बरं वाटलं. किती तरी दिवसांनी त्यांचं लक्ष कुठे तरी लागलं होतं.

काल सगळे ढीग लागले. डब्यांवर चिकटवायला चिठ्ठ्या करायच्या म्हणून मी आत कात्री शोधायला गेले. कुकर लावायचा राहिला होता, तो लावला. परत आले तो ह्यांनी डाव्या हाताने सगळं उलटंपालटं करून टाकलेलं. इकडचं तिकडे. नितेशच्या लग्नाची पत्रिका, तिच्याखाली श्यामरावांनी पाठवलेलं दिवाळीचं कार्ड, आणि दोन्हींच्या वर श्यामरावांच्या तेरवीचं पत्र. मंगलपत्रिकेवर तेरवीचं पत्र, रागिणी. सगळीकडे तसंच. मी परत नीट लावायला लागले तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. चाळीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नाही. लाल होऊन ओरडत होते, तारीख, तारीख.

मी सगळं गोळा करून एका पिशवीत भरलं आणि आत जाऊन रडले. मग गच्चीवर जाऊन केदारला फोन केला. तो रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "आई, बाबांना समजतं असं तू धरून चालली आहेस. तसं नसेल तर तू स्वतःला किती त्रास करून घेशील?" पुण्यात त्याच्या घराजवळ एक चांगली संस्था आहे. चोवीस तास नर्स असते. बाबांना तिथे ठेवू, तू माझ्याकडे राहा, रोज भेटायला जा, असं त्याचं म्हणणं. दिवाळीला येऊन सगळं ठरवून टाकू म्हणाला.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. माझी कंबर गेली आहे. त्यांना उठवून बसवताना दोनदा दोघंही पडता पडता वाचलो, ते मी तुला सांगितलं नव्हतं. समजत असतं तर मी सगळं केलं असतं. समोरचा माणूस तिथे आहेच की नाही हे कळत नसताना कुठवर करायचं?

सिंधू

⁂

अकोला
८ सप्टेंबर २०२४

वहिनी,

हे पत्र नितेशच्या हाती देऊन राहिली. त्याले उद्या कामानं अमरावतीले याचं हाय. पोष्टानं पाठवलं असतं तं मले दम निघाला नसता. फोन हातात घेतला होता, पण मी फोनवर रडली असती, अन् भाऊनं आयकलं असतं.

तुमी लिहिलेलं मी तीनदा वाचलं. नितेशची लग्नपत्रिका, नितेशच्या बाबाचं दिवाळीचं कार्ड, अन् त्याईच्या तेरवीचं पत्र. वहिनी, हे तिन्ही आमच्या घरचे हायेत.

तुमी सण लावले. त्याईनं माणसं लावले.

तेरवीचं पत्र वर काहून? ते सगळ्यात शेवटी आलं म्हून. पहिले कार्ड, मंग लग्न, मंग तेरवी. कोर्टातली फाईल अशीच लागते ना? नवीन कागद वर.

बाकीचे ढीग कसे होते ते मले ठाऊक नाई. तुमी पाहिले नाई, माणूस रडताना कुठं पाहाते. पण पिशवी फेकली नसन तं ती परत भाऊच्या पुढं खाली करा. केदारले एवढ्यात काही सांगू नोका. पोरगा वाईट नाई, पण त्यानं ढीग कुठं पाहिले.

मले वाटते त्याईले समजते. लय समजते. तुमी त्याईची लावलेली फाईल मोडली, म्हून राग आला.

रागिणी

⁂

अमरावती
२२ सप्टेंबर २०२४

रागिणी,

नितेश दारात उभा असतानाच मी तुझं पत्र वाचलं. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, त्याला माझ्याकडून सॉरी म्हण. पिशवी माळ्यावर होती, त्यानेच काढून दिली.

ह्यांच्यासमोर पलंगावर पिशवी रिकामी केली आणि म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने एक कार्ड उचललं.

दोन दिवस लागले. मी एकेक कार्ड उघडून हातात देत होते, ते अक्षर बघायचे आणि जागा दाखवायचे. माझ्या माहेरचा एक ढीग. परतवाड्याच्या त्यांच्या आतेभावाचा एक. कोर्टातल्या जुन्या कारकुनांचा एक. भातकुलीच्या महादेवरावांचा एक, ज्यांची शेताच्या बांधाची केस बारा वर्षं चालली होती. प्रत्येक ढिगात जुनं खाली, नवीन वर. मध्येच मी मुद्दाम माझ्या भावाचं कार्ड महादेवरावांच्या ढिगात सरकवलं. त्यांनी ते काढून माझ्या हातात ठेवलं आणि खोटी साक्ष देणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मला हसू फुटलं. मग ते हसले, एका बाजूने.

रागिणी, ते आहेत. इतके दिवस तिथेच होते.

बोलणं शिकवायला दीक्षा नावाची मुलगी येते, तिला हे सगळं दाखवलं. ती आधी चित्रांचे तक्ते आणायची: आंबा, बस, छत्री. हे तोंड फिरवून घ्यायचे. आता तक्ते बंद. रोज एक ढीग घ्यायचा. ती नावाचं पहिलं अक्षर म्हणते आणि थांबते. बोलणं परत किती येईल ते ती सांगत नाही, पण समजुतीबद्दल तिला शंका उरलेली नाही. केदारला मी हे फोनवर सांगितलं, ह्यांच्यासमोर बसून. तो म्हणाला, दिवाळीत येऊन बघतो.

पहिलं नाव कालच आलं. तुमचाच ढीग होता. दीक्षा "श्या" म्हणून थांबली, आणि हे म्हणाले, "श्याम." स्पष्ट. दोघींना वाटलं भास झाला. पुन्हा म्हणाले.

त्या ढिगातली तीन कार्डं सोबत पाठवते आहे. तुझ्याकडे कागद उरले नाहीत असं तू लिहिलं होतंस. परस्पर कशी काढू, म्हणून ह्यांना विचारलं, रागिणीला पाठवू का? त्यांनी स्वतः निवडून दिली. श्यामरावांनी नुसती सही केलेली बाजूला ठेवली, मजकूर लिहिलेली दिली.

तुझे उपकार शब्दात मांडायला गेले तर तू रागावशील. तरी लिहिते. तू माझा माणूस मला परत दाखवलास.

सिंधू

⁂

अकोला
३० सप्टेंबर २०२४

वहिनी,

पाकीट फोडलं अन् तिन्ही कार्ड दारातच वाचून काढले.

त्याईची सही माह्याकडे बँकेच्या कागदावर हाय. पण सही म्हणजे काही बोलणं नाई. हे बोलणं हाय. "वकीलसाहेब, यंदा तूर बरी आली. डेपोतून सुट्टी मिळाली का वावरात जाऊ. रागिणीनं कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या आहेत, भिंतीवरून हाक मारतो, या." मी वाचलं तं मले त्याईचा आवाजच आयकू आला. माणूस एसटीच्या डेपोत दिवसभर इंजिनाखाली पडून राहे, अन् अक्षर असं मोत्यावाणी.

नितेशनं तिन्ही कार्ड हातात घेतले अन् बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी गेली नाई मागं. मंग आत आला अन् म्हणे, आई, मी ते समदं भंगारात द्याले नोको होतं. मी म्हटलं, जाऊ दे, वकीलभाऊनं आपलं सामान सांभाळून ठेवलं होतं.

वकीलभाऊले माहा नमस्कार सांगा. म्हणा, रागिणीचे हात जोडलेले हायेत.

रागिणी

⁂

अमरावती
१६ ऑक्टोबर २०२४

रागिणी,

नमस्कार सांगितला. त्यांनी डावा हात छातीवर ठेवला.

दसरा झाला. नावं येऊन राहिली आहेत, रोज नाही, पण येतात. महादेव. आतेभावाचं लाडाचं नाव. माझ्या भावाचं नाव. केदार तर आता न अडखळता. चहाला मात्र अजून तारीखच.

एक गोष्ट सांगते, हसू नको. माझं नाव येत नाही. दीक्षा "सिं" म्हणून थांबते आणि हे तिच्याकडे नुसते बघत राहतात. तिने विचारलं, काकू, तुमचा ढीग कोणता? मी सगळं कपाट आठवून पाहिलं. माझा ढीग नाही. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कार्डं कशाला पाठवतील? तिने सुचवलं म्हणून मी खालच्या खणातलं एक कोरं कार्ड घेतलं, निळ्या फुलांचं, आणि त्यावर दिवाळीच्या शुभेच्छा, तुमची सिंधू, असं लिहून दिलं. लिहिताना लाज वाटली, या वयात. त्यांनी ते वाचलं, आणि केदारने लहानपणी काढलेल्या चित्रांच्या ढिगात ठेवलं. घरच्या ढिगात. जागा बरोबर होती. मला तेवढं पुरायला हवं. पण सगळ्या जगाची नावं आली आणि माझंच नाही, हे संध्याकाळी दिवा लावताना मनात येतंच.

केदार दिवाळीला येतो आहे. संस्थेचा विषय त्याने सोडलेला नाही. आता बाबांना समजत नाही म्हणून नव्हे, आईला झेपत नाही म्हणून. त्याचं खोटंही नाही. मला खरंच झेपत नाही.

सिंधू

⁂

अकोला
२१ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

नावाचं मी काही सांगू शकत नाई, ते त्याईच्या जिभेच्या हाती हाय. दुसऱ्या गोष्टीचं सांगते.

झेपत नाई हे केदारले सरळ सांगा. त्यात लाज कायची? पण झेपत नाई म्हणजे पुण्याले नेणं, असा त्याचा अर्थ होत नाई. सकाळी उठवाले-बसवाले एक माणूस ठेवा. तुमच्या मागच्या गल्लीतली पार्बताबाई असे काम करते, धडधाकट बाई हाय, मी तिले फोन केला, ती तयार हाय. दिवाळी झाली का मी येते, महिनाभर. नितेशले विचारलं नाई, सांगतलं. मलेबी इथं चार भिंतीत बोलाले कोणी नाई वहिनी. दिवसभर पोरगा-सून कामावर. तुमचे पत्रं आले नसते तं हा पावसाळा मले जड गेला असता, हे आज लिहून टाकते.

रागिणी

⁂

अमरावती
४ नोव्हेंबर २०२४

रागिणी,

दिवाळी पार पडली. झालं ते तुला आजच सांगायला हवं.

केदार वसुबारसेला आला. दोन दिवस त्याने काहीच काढलं नाही. वडिलांजवळ बसून ढीग बघत राहिला. त्याच्या चौथीतल्या चित्रावर "बाबा कोर्टात" असं लिहिलेलं आहे, ते त्याला मुळीच आठवत नव्हतं.

लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत चिवडा डब्यात भरत होते. केदार ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला, आई, मी सगळं बघितलं. बाबा आहेत, मला मान्य आहे. म्हणूनच मला तुझी काळजी वाटते. तू पडलीस तर दोघांना कोण बघणार? मी त्याला पार्बताबाईंचं सांगितलं, तू येणार ते सांगितलं. कंबरेचंही सांगितलं, पहिल्यांदाच. तो विचारात पडला. तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला,

"अगं, ऐकलं का?"

मी म्हटलं, "आले." हातातला डबा ठेवला, पदराला हात पुसला आणि निघाले. मधल्या दारापर्यंत पोचले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की कोणी हाक मारली.

पाय तिथेच थांबले. मागे वळून पाहिलं तर केदारने ओट्याची कड घट्ट धरली होती.

चाळीस वर्षं, रागिणी. ह्या माणसाने मला सिंधू अशी हाक कधी मारलीच नव्हती. लग्नात नाव घेतलं असेल तेवढंच. दीक्षा आणि मी महिनाभर भलतंच दार ठोठावत बसलो होतो. माझं नाव हे होतं.

आत गेले. खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत होतं, पडदा ओढायचा होता, एवढंच. मी पडदा ओढला. त्यांना आपण काय बोललो ते कळलेलंसुद्धा नव्हतं. मी काही दाखवलं नाही. पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मग केदार आला आणि खाली फरशीवर बसला, वडिलांच्या पायाशी डोकं टेकवून.

काल तो गेला. जाण्याआधी पार्बताबाईंना भेटला, त्यांचं सगळं ठरवून गेला. पलंगाला धरायला कठडा बसवून घेतला. पुण्याचं मी म्हणेन तेव्हाच बघू, म्हणाला. ते कधी म्हणावं लागणारच नाही असं मी म्हणत नाही. आज म्हणायचं नाही, एवढं खरं.

तू येतेस ते कळव, मधली खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. देवाचे, डॉक्टरांचे, दीक्षाचे, तुझे, कोणाकोणाचे आभार मानू? आणखी पुष्कळ लिहायचं होतं. पण थांबते आता. हाक आली आहे.

सिंधू